गहाण न पडणारे धन
सातपुड्यातील आदिवासी गोंदणाचा एक आढावा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा मोलगीच्या आठवडे बाजारात साठी ओलांडलेल्या बायकांचे चेहरे आणि हात पाहिले, तर हनुवटीवर, गालावर, डोळ्यांच्या कडेला आणि मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट-निळ्या ठिपक्यांच्या ओळी दिसतात. त्यांच्या मुलींच्या अंगावर या ओळी विरळ होतात आणि नातींच्या अंगावर बहुधा नसतातच. असले तर यंत्राने काढलेले एखादे नाव असते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार त्याच्या सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येत ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची-गावित, कोकणा, तडवी, धानका अशा अनेक समाजांचा हा मुलूख आहे. एवढ्या मोठ्या लोकसमूहाच्या अंगावरची एक जुनी खूण दोन-तीन पिढ्यांत ओसरावी आणि ती नेमकी कशासाठी होती याचा नीट विचारही होऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे. गोंदणाबद्दल आजवर तीन उत्तरे दिली गेली. ते जमातीचे ओळखचिन्ह आहे, ते गरिबाचा दागिना आहे, ती अंधश्रद्धा आहे. तिन्हींत तथ्याचा अंश आहे. पण हा जिल्हा ज्यात येतो त्या खानदेशाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास समोर ठेवला की चौथे उत्तर अधिक पटते. ज्या बाईच्या नावावर जमीन नव्हती आणि जिच्या अंगावरची चांदी कधीही सावकाराकडे जाऊ शकत होती, तिच्याजवळची कुणालाच काढून घेता न येणारी मालमत्ता म्हणजे गोंदण होते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे आणि ते पुराव्यावर कितपत टिकते हे पाहायचे आहे.

आधी ही क्रिया कशी होते ते पाहू. दिव्यावर किंवा भांड्याच्या बुडाशी धरलेली काजळी हा मूळ रंग. ती तेलात, एखाद्या पाल्याच्या रसात किंवा अंगावरच्या दुधात कालवतात. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून त्या रंगात बुडवायच्या आणि कातडी ताणून धरून भराभर टोचत जायचे, ही जुनी पद्धत. नंतर जागा धुऊन हळद आणि तेल लावले जाई. काम हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात चाले, कारण पावसाळ्यात जखम चिघळण्याची भीती असते. काजळी म्हणजे कार्बनचे बारीक कण. ते कातडीच्या वरच्या थरात राहिले असते तर काही आठवड्यांत झडून गेले असते. सुई त्याखालच्या थरात जाते म्हणून ते टिकतात. तिथे शरीरातल्या संरक्षक पेशी हे कण गिळून धरून ठेवतात. एक पेशी मेली की तिने सोडलेले कण दुसरी गिळते, असे २०१८ साली उंदरांवरच्या संशोधनात दिसून आले. काळा रंग हिरवा-निळा दिसतो तोही कातडीतून प्रकाश विखुरला गेल्यामुळे. ठिपका, ठिपक्यांची ओळ, त्रिकोण, फुली, विंचू, फूल, झाड, मोर असे या पट्ट्यातले नेहमीचे आकार आहेत. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याशी काढलेल्या रेघा भिल्ल बायकांच्या चेहऱ्यावर सातपुड्यापासून पलीकडच्या झाबुआपर्यंत आढळतात. गोंदणे साधारणपणे लग्नाआधी, माहेरी, मैत्रिणींच्या आणि थोरल्या बायकांच्या सोबतीने व्हायचे. होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार आणि गावोगावच्या जत्रा हे त्याचे ठरलेले प्रसंग होते. पुरुषही दंडावर, मनगटावर गोंदून घेत, पण चेहऱ्यावरचे आणि हातभर पसरलेले गोंदण मुख्यतः बायकांचेच होते.

पहिले उत्तर ओळखचिन्हाचे. ते प्रामुख्याने वसाहतकाळात रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जनगणना आणि गॅझेटियरांच्या कामातून जातीजमातींच्या याद्या तयार होऊ लागल्या. रसेल यांचे मध्य प्रांतावरचे ग्रंथ १९१६ साली आले आणि एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यावरचे ग्रंथ १९२० ते १९२२ या काळात. प्रत्येक समाजाचा पेहराव, देव, लग्नविधी आणि अंगावरच्या खुणा असे रकाने भरत जाण्याची ती पद्धत होती. रकाना भरायचा म्हटला की खूण जमातीच्या मालकीची वाटू लागते. प्रत्यक्षात नंदुरबारच्या समाजांना एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या गोष्टी गोंदणापेक्षा भाषेत, देवांत आणि नात्यांत आहेत. पावरी, देहवाली, मावची आणि कोकणी या बोली वेगळ्या आहेत. देवमोगरामातेची ओढ एका पट्ट्यात अधिक, डोंगऱ्यादेवाची दुसऱ्या पट्ट्यात. लुगडे नेसण्याची तऱ्हाही बदलते. गोंदणाचे आकार मात्र या सीमा सहज ओलांडतात. हनुवटीवरचा ठिपका कुणबी, वंजारी, गुजर बायकांच्या चेहऱ्यावरही असे आणि विंचू तर कच्छपासून छत्तीसगडपर्यंत सापडतो. याचे कारणही उघड आहे. गोंदणाऱ्या बायका अनेकदा फिरस्त्या समाजातल्या असत. एकाच जत्रेत त्या आदिवासी मुलीचा हात गोंदत आणि शेतकरी मुलीचाही. आकारांची निवड गोंदून घेणारीची, हात गोंदणारीचा आणि आकारांचा साठा दोघींच्या सामाईक मुलखाचा, असा हा व्यवहार होता. गोंदणावरून बाई कुठली हे जाणत्या नजरेला पुष्कळदा ओळखू येत असे, हे खरे. पण एखाद्या गोष्टीवरून ओळख पटणे आणि ती गोष्ट ओळख पटवण्यासाठीच असणे यांत फरक आहे.

हा फरक आजही महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४च्या माधुरी पाटील निकालापासून जमातीचा दावा तपासताना दक्षता पथकाने कुळाचार, देवदेवता, लग्न आणि मृत्यूचे विधी पाहायचे असतात. महाराष्ट्राच्या २०००च्या जातपडताळणी कायद्याखाली ही तपासणी नित्याची झाली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ही आप्तभाव चाचणी प्रत्येक दाव्याची अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. शिक्षण, स्थलांतर आणि आधुनिक जीवनामुळे जुने आचार पुसट होऊ शकतात, हे त्यामागचे वास्तव आहे. गोंदणाच्या बाबतीत तर ते दुहेरी लागू पडते. आदिवासी मुलीच्या अंगावर ते नसू शकते आणि बिगरआदिवासी बाईच्या अंगावर असू शकते. म्हणून गोंदणाचे गौरवगान करताना ते ‘आदिवासीपणाचा पुरावा’ ठरणार नाही याची काळजी घ्यायला हवी. तसे झाले तर ज्या मुलीने ते करून घेतले नाही तिच्यावर उद्या कमअस्सल असल्याचा ठपका येईल.

खूण ओळखीसाठी वापरली जाते तेव्हा ती कशी दिसते, याचाही दाखला आपल्याच इतिहासात आहे. कंपनी सरकारच्या बंगालमध्ये १७९७च्या नियमानुसार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. ही शिक्षा १८४९ मध्ये रद्द झाली. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या कपाळाऐवजी अख्ख्या समाजांच्या नावावर शिक्का मारला. सुई तीच आणि काजळीही तीच. पण कैद्याच्या कपाळावरची अक्षरे त्याच्या मालकीची नव्हती, ती सरकारची होती. वाचणारा अधिकारी होता आणि ज्याच्या अंगावर ती होती तो केवळ कागद. सातपुड्यातल्या बाईचे गोंदण याच्या नेमके उलट आहे. कुठल्याही दप्तरात त्याची नोंद नाही, त्याचा अर्थ सांगण्याचा हक्क तिच्याकडे आणि तिच्या सोबतिणींकडे आहे. खुणेचे मोल तिच्या आकारात नसून ती कुणाच्या ताब्यात आहे यात असते, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

आता मालकीच्या मुद्द्याकडे येऊ. भिल्लांपासून गोंड-बैगांपर्यंत मध्य भारतातल्या अनेक समाजांत एक समजूत सारखी सापडते. मरताना सोने-चांदी, कपडालत्ता सगळे मागे राहते. गोंदण तेवढे बरोबर येते. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली बैगांवर लिहिलेल्या ग्रंथात गोंदणाची सविस्तर नोंद केली आणि नंतरच्या अभ्यासकांनाही हेच विधान वारंवार ऐकायला मिळाले. बहुतेकांनी ते परलोकाबद्दलची श्रद्धा म्हणून टिपले आणि ते पुढे गेले. पण हेच विधान या जगातल्या मालमत्तेबद्दलही आहे, आणि खानदेशात त्याला फार धारदार अर्थ होता. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला आणि रोख साऱ्याबरोबर सावकारी डोंगरपायथ्यापर्यंत पोहोचली. शहादा-तळोद्याच्या तापीकाठच्या सुपीक पट्ट्यातली भिल्लांची जमीन पुढच्या शतकभरात मोठ्या प्रमाणावर दुसऱ्यांच्या हाती गेली आणि अनेक मालक आपल्याच शेतावर सालदार झाले. या अन्यायाविरुद्ध १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली शहादा चळवळ उभी राहिली. १९७४ साली राज्याला आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा करावा लागला, यावरूनच जमिनी किती गेल्या होत्या याची कल्पना येते.

चांदीची कथाही अशीच आहे. हासळी, कडी, पैंजण, साखळ्या हे भिल्ल आणि पावरा घरातले खरे बचतखाते. एरवी ते मिरवायचे आणि अडीनडीला गहाण ठेवायचे. पण या बचतीची किंमत दुसरेच ठरवत होते. १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीसाठी बंद केल्या, त्यामुळे रुपयाचे मोल टिकले आणि दागिन्यातल्या चांदीचे घसरले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, खानदेश आणि गुजरातवर छपन्न्या दुष्काळ कोसळला. ज्या घरांनी पोटासाठी दागिने विकायला काढले त्यांच्या हाती तेवढ्याच वजनाला कमी पैसे पडले. त्यातही चांदी बाईच्या अंगावर असली तरी ती सर्वस्वी तिची नव्हती. देजाच्या देवाणघेवाणीत, घराच्या कर्जात, काडीमोडाच्या निवाड्यात त्या चांदीवर पुरुषांचा हक्क चाले. जमिनीचे तर विचारायलाच नको. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही आणि रूढीप्रमाणे मुलीला बापाच्या शेतात वाटा बहुधा मिळत नाही. आता ‘गोंदण बरोबर येते’ हे वाक्य पुन्हा वाचावे. जे सावकार उतरवून घेऊ शकत नाही, सासरचे मागे ठेवून घेऊ शकत नाहीत आणि ज्याचा भाव टाकसाळ पाडू शकत नाही, असे तिच्याजवळ काय होते? मरणानंतरच्या प्रवासाची ती भाषा आयुष्यभराच्या हिरावून घेण्याच्या अनुभवातून अर्थ घेते, असे मला ठामपणे वाटते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे अर्थशास्त्र अभ्यासकाने लादलेले आहे. बायकांना विचारले तर त्या ‘छान दिसते म्हणून’ एवढेच सांगतात. या उत्तराचा मान राखायलाच हवा. सौंदर्य हे दुय्यम कारण नाही. ज्या बाईला रोजच्या कष्टातून स्वतःसाठी फार थोडे मिळते तिने वेदना सोसून आपल्या अंगावर काही सुंदर करून घेणे ही स्वतःची किंमत स्वतः ठरवण्याची कृती आहे. शिवाय ‘छान दिसते’ आणि ‘माझेच राहते’ ही दोन उत्तरे एकमेकांना छेद देत नाहीत. दागिनाही छान दिसतो; पण तो बरोबर येत नाही, असे त्याच बायका सांगतात. तुलना त्यांनीच केलेली आहे, अभ्यासकाने फक्त ती गांभीर्याने घ्यायची आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलीला धरून बसवून गोंदले जात असेल तर ते तिचे धन कसे? ही तिच्या शरीरावर समाजाने केलेली सक्तीच नव्हे काय? यात खोटे काही नाही. अनेक मुली रडत, धरून ठेवलेल्या अवस्थेत गोंदल्या गेल्या असणार, आणि गोंदण नाही म्हणून सासरी टोमणे बसण्याची भीती हेही त्यामागचे एक कारण होते. पूर्वी होते म्हणून आजही लहान मुलींना गोंदावे, असे कुणी म्हणू नये. पण एखादी गोष्ट सक्तीने सुरू झाली म्हणून ती पुढे त्या व्यक्तीची होऊ शकत नाही, असे नाही. पुष्कळ बायका पहिल्या ठिपक्यांनंतर पुढचे गोंदण थोरपणी स्वतःच्या इच्छेने, मैत्रिणीच्या जोडीने, कधी माहेरची आठवण म्हणून वाढवत नेत. माहेर सोडून जाणाऱ्या मुलीला आईच्या घरातून मिळालेली आणि कुठल्याही वाटाघाटीत न आलेली वस्तू म्हणूनही त्याकडे पाहता येते. मालकी आणि सक्ती या दोन्ही बाजू एकाच हातावर होत्या. त्यांतली एक झाकून दुसरी सांगणे हा त्या बाईवरच अन्याय ठरेल.

आणखी एक मत वरचेवर ऐकू येते. परक्या सैनिकांच्या किंवा राजांच्या नजरेपासून वाचण्यासाठी बायकांनी गोंदून स्वतःला कुरूप केले, असे हे मत म्हणते. ही कथा देशभर वेगवेगळ्या समाजांना चिकटवली जाते, म्हणूनच तिच्याकडे सावधपणे पाहायला हवे. कुरूप करण्यासाठी कुणी ठिपके समान अंतरावर ठेवत नाही, दोन्ही गालांवर तोल साधत नाही. जिथे बायकाच या खुणांना देखणेपण मानतात, तिथे त्या विद्रूपतेसाठी होत्या हे म्हणणे टिकत नाही. ही कथा बाहेरच्या नजरेने घडवली आहे. ज्या नजरेला ते गोंदण कुरूप वाटले, तिने आपला कौल बायकांच्या तोंडी घातला.

आता अंधश्रद्धेच्या उत्तराकडे. गोंदणाने दुखणे थांबते, वातावर उतारा पडतो, ही समजूतही जुनी आणि जगभर पसरलेली आहे. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या अंगावर ६१ गोंदणे आहेत आणि त्यांतली बरीचशी घोटा, गुडघा, कंबर अशा झिजलेल्या सांध्यांजवळ आहेत. समजुतीचे प्राचीनत्व मान्य करूनही नंदुरबारमध्ये एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या जिल्ह्यात सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे आहे आणि हाडे-सांधे असह्य दुखणे हे त्याचे मुख्य लक्षण आहे. मुलाचे सांधे वारंवार दुखत असतील तर त्याला रक्ततपासणीची गरज आहे, सुईच्या टोचणीची नाही. जत्रेत एकच सुई अनेकांना वापरली गेली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरू शकतात. गोंदणाला अर्थ आहे असे म्हणणाऱ्यानेच हे आधी आणि मोठ्याने सांगावे. नाहीतर परंपरेच्या नावाखाली धोका विकला जाईल.

मग ही प्रथा ओसरली कशी? जपानमध्ये ऐनू बायकांच्या ओठांभोवतीच्या गोंदणावर १८७१ मध्ये सरकारने बंदी घातली. सातपुड्यात अशा बंदीची गरजच पडली नाही. इथले काम लाजेने केले. आश्रमशाळेत, दवाखान्यात, एसटीत, शहरातल्या वसतिगृहात चेहऱ्यावरचे ठिपके ‘मागासलेपणा’ म्हणून वाचले गेले आणि आयांनीच मुलींना त्यापासून दूर ठेवले. हा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. आपल्या मुलीला हिणवले जाऊ नये या शहाणपणाचा तो होता. दुसरीकडे विजेवर चालणारे यंत्र जत्रेत आले आणि हातावर नाव, देव, बदाम मिनिटांत उमटू लागले. पोरांच्या बाबतीत भरतीच्या नियमांचाही संबंध आला. लष्करात कायमचे गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंज्याच्या मागच्या बाजूलाच चालते. अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सवलत आहे. ही सवलत योग्य आहे, मात्र तिची माहिती धडगाव-अक्कलकुव्याच्या प्रत्येक भरतीइच्छुक मुलापर्यंत पोहोचायला हवी.

शेवटी, पुढे काय करायचे? वारली चित्रकलेचे उदाहरण नेहमी दिले जाते. लग्नाच्या भिंतीवरची ती कला १९७०च्या दशकात कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर गेली आणि २०१४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पण भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले तरी चित्रच राहते. गोंदणाचा आकार साडीच्या काठावर किंवा चहाच्या कपावर छापला तर त्यातला मालकीचा अर्थच नाहीसा होतो, कारण जे विकता येत नव्हते ते विक्रीला निघते. म्हणून केवळ आकारांचे तक्ते बनवून संवर्धन झाले असे मानू नये. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आणि तेजगढची आदिवासी अकादमी यांच्यासारख्या ठिकाणी नोंद व्हावी ती बाईच्या स्वतःच्या बोलीत, तिच्या संमतीने आणि तिच्या अटींवर. कुणी गोंदले, सोबत कोण होते, काय मोबदला दिला, कुठला आकार तिने मागून घेतला आणि कुठला नको म्हणाली, हे सगळे तिच्या शब्दांत यायला हवे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांची जमीन गेली. ती गावे सोडून आलेल्या बायकांकडून ही नोंद सर्वांत आधी घ्यायला हवी, कारण जमीन, झाडे, देवस्थाने मागे ठेवून त्यांनी बरोबर आणलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक आहे. आजच्या मुलींनी गोंदावे की नाही, हा प्रश्न त्यांचा आहे. एखादीने आजीचा विंचू शिक्षणानंतर, निर्जंतुक सुईने, समजून-उमजून आपल्या मनगटावर घेतला तर तो तिचा हक्क आहे, आणि नको म्हटले तर तोही. पण गोंदणाच्या मुळाशी असलेली मागणी प्रत्येकीच्या वतीने पुढे न्यावीच लागेल. आदिवासी बाईच्या नावावर शेत, वनहक्काच्या दाव्यावर तिची सही आणि वारशात तिचा वाटा असायला हवा. आजीला आपले म्हणण्यासारखे धन कातडीखालीच ठेवावे लागले. नातीचे धन सातबाऱ्यावर दिसले पाहिजे.